उशी आणायला हवी होती

२६ मे २०२४. मोनॅकोच्या रस्त्यांवर फॉर्म्युला वनच्या रेसमध्ये सहाव्या क्रमांकावर गाडी हाकणारा मॅक्स वर्स्टापेन रेडिओवर आपल्या इंजिनियरला म्हणाला, की हे भलतंच कंटाळवाणं आहे, येताना उशी आणायला हवी होती. आधी एक सणसणीत शिवीही हासडली होती, ती इथे लिहीत नाही. बघता बघता ते वाक्य आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडलं. मग उशांचे फोटो आले, कुणाच्या तरी घोरणाऱ्या सासऱ्यांचा व्हिडिओ आला, आणि मीही हसत हसत तो पुढे ढकलून दिला. रात्री ओटा आवरताना मात्र ते उशीचं वाक्य पुन्हा डोक्यात आलं आणि काही केल्या जाईना. त्या गाडीत एकदा तरी बसायला मिळावं म्हणून जगभरातली पोरं सहाव्या-सातव्या वर्षापासून कार्टिंगमध्ये आईबापांची जमापुंजी घालवतात, आणि तिच्यात बसून तीन वेळचा जगज्जेता जांभया देत होता. त्याच्यापुढे चार गाड्या सोडून पाचवी गाडी होती शार्ल लेक्लेरची. तो मोनॅकोचाच मुलगा. रेस संपायला दोनेक फेऱ्या उरल्या असताना भुयारातून उन्हात बाहेर पडताना त्याला समोरचं नीट दिसेना, कारण डोळे भरून आले होते. हे त्यानंच नंतर सांगितलं. वडील आठवत होते, म्हणाला. रस्ता तोच, वेगही जवळपास तोच.

आणि घरी सोफ्यावर बसलेले आम्ही सगळे झाडून उशीच्या पक्षात.

रेस रटाळ होती यात वादच नाही. पहिल्याच फेरीत चढावर सर्जिओ पेरेझ, मॅग्नुसन आणि हुल्केनबर्ग एकमेकांवर आदळले, पेरेझच्या गाडीचा पार चेंदामेंदा झाला, सुदैवानं सगळे धडपणे उतरले, आणि लाल झेंडा लागला, म्हणजे रेस थांबवली. लाल झेंड्यात टायर बदलायची मुभा असते. रेसमध्ये निदान दोन प्रकारचे टायर वापरलेच पाहिजेत हा जो नियम, ज्याच्यामुळे एरवी पिट स्टॉपचं, म्हणजे मधेच थांबून टायर बदलण्याचं सगळं नाट्य घडतं, तो तिथल्या तिथे उभ्या गाडीतच फिटून गेला. मग पाऊण तासाच्या खोळंब्यानंतर पुन्हा सुरुवात झाली ती उरलेल्या सगळ्या फेऱ्या टायरच्या एकाच जोडावर काढायच्या या हिशेबानं. मोनॅकोचा रस्ता ३.३३७ किलोमीटरचा, फेऱ्या ७८, आणि रुंदी म्हणाल तर तेव्हाच्या दोन मीटर रुंद, साडेपाच मीटरच्या आसपास लांब गाड्या शेजारी शेजारी जाताना बघणाऱ्याचाच श्वास अडकावा. त्यात गाडीचं किमान वजन तेव्हा चालकासह ७९८ किलो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हेच ५०५ किलो असे, तेही चालक सोडून. असलं धूड घेऊन तिथे पुढच्याला मागे टाकायचं म्हणजे पुढच्यानंच काहीतरी घोळ घालायला हवा. त्या दिवशी कुणी घातला नाही. कसारा घाटात लोड घेतलेला ट्रक पुढे लागला की मागे जशी रांग धरते, तशी ती रांग फिरत राहिली. पहिले दहा जण ज्या क्रमानं सुटले त्याच क्रमानं पोचले, आणि फॉर्म्युला वनच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं म्हणे. म्हणजे कंटाळ्याचाही विक्रमच.

आमच्या ग्रुपला मात्र त्या संध्याकाळी भलताच ऊत आला होता. एरवी चांगली रेस असली की कुणी टाइप करत नाही, डोळे पडद्यावर असतात. त्या दिवशी मेसेजचा पाऊस. ‘खाली जाऊन भाजी आणली, काही चुकलं का?’ ‘हो, बंदरातली तिसरी बोट जरा हलली.’ एकानं मोनॅको कायमचं बंद करा म्हणून लिहिलं, दुसऱ्यानं तिथे बाइक पळवा म्हटलं, तिसऱ्यानं रस्त्यात स्प्रिंकलर लावून पाऊस पाडा म्हटलं. त्याला वाटलं आपण विनोद करतोय, पण ही कल्पना फॉर्म्युला वनचा तेव्हाचा सर्वेसर्वा बर्नी एक्लेस्टननं २०११ मध्ये अगदी गंभीरपणे मांडली होती. मला वाटतं कंटाळवाण्या रेसनंतर आम्ही चाहते जितके एकमेकांच्या जवळ येतो तितके चांगल्या रेसनंतर येत नाही. चांगल्या रेसनंतर भांडणं होतात, कारण कुणीतरी हरलेलं असतं. रटाळ रेसमध्ये सगळेच मिळून हरलेले असतात, आणि मग बोटं मोडायला सगळ्यांना एकच जागा मिळते.

शेवटच्या पंधरा-वीस फेऱ्या उरल्या असताना दादाचा फोन आला. माझा भाऊ चाकणला टायरच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. दिवसभर रबर बघतो आणि सुट्टीच्या दिवशीही रबरच बघतो. ‘बघतेयस ना?’ आवाजात असा उत्साह की मला वाटलं काहीतरी झालं, मी रिमोट शोधायला लागले. झालं काहीच नव्हतं. ‘रसेल मीडियमवर, मधल्या कडकपणाच्या टायरवर आहे अजून! पहिल्या लॅपनंतर घातलेत आणि अजून तेच. पुढच्या डाव्या टायरचा काठ बघ, वळणावर क्लोजअप देतात तेव्हा.’ मी बघितलं. काळ्या रबरावर बारीक दाणे वर आल्यासारखे दिसत होते, रेती चिकटलीय की काय असे. रबर घासून सोलतं आणि त्याचे कण पुन्हा त्याच टायरला चिकटतात, मग पकड जाते. म्हणून सारथ्यानं वळणात शिरताना स्टीअरिंग किती हळू फिरवायचं, किती आधी ब्रेक सोडायचा, हे सगळं दादा सांगत होता आणि मागून वहिनी ‘जेवायला या’ म्हणून ओरडत होती. मग त्यानं मला लेक्लेरचं कोडं उलगडून सांगितलं. लेक्लेर मुद्दामच हळू चालवत होता. पिट स्टॉपला तिथे वीसेक सेकंद जातात. चौथ्या नंबरच्या नॉरिसच्या मागे, त्याच्या आणि पाचव्या नंबरच्या रसेलच्या मध्ये, तेवढी मोकळी जागा तयार झाली असती तर नॉरिस फुकटात नवे टायर घालून आला असता आणि पुढच्यांना त्रास दिला असता. म्हणून पहिल्या नंबरवरचा माणूस पाचव्या नंबरवरच्या माणसाकडे लक्ष ठेवून गाडी चालवत होता, आणि इंजिनियर त्याच्या कानात तेच मोजून सांगत होता. आम्हाला जी रांग वाटत होती ती त्यानं धरून ठेवलेली होती. फोन ठेवल्यावर मी दहा मिनिटं त्या अंतराच्या आकड्यांकडे बघत बसले. खरं सांगायचं तर त्यानंतरही कंटाळा आलाच. फक्त आता कशाचा येतोय ते समजत होतं.

आमच्या घरात ही अशी कंटाळ्याची कदर करणारी माणसं पूर्वीपासून आहेत. बाबा नाशिकचे, आणि बापू नाडकर्णी नाशिकचे, त्यामुळे मद्रासच्या १९६४ च्या कसोटीतली ती सलग २१ निर्धाव षटकं आम्ही लहानपणी इतक्यांदा ऐकली आहेत की ती आमच्या अंगणातच पडली असावीत. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, विकेट नाही. ‘विकेट नाही’ हे बाबा शेवटी सांगायचे आणि चेहरा असा करायचे जणू तीच खरी गंमत. दादा तेव्हा विचारायचा की मग मॅचचं काय झालं. बाबा म्हणायचे, ‘ड्रॉ. पण ते सोड.’ स्टेडियममध्ये बसलेल्या लोकांनी त्या दिवशी काय केलं असेल? इंग्लंडचे खेळाडू नुसते चेंडू अडवत होते आणि बापू चेंडूमागून चेंडू त्याच जागी टाकत होते. कुणी घरून आणलेला डबा उघडला असेल, कुणी पेंगलं असेल, कुणीतरी नक्कीच ‘काय बोअर चाललंय’ या अर्थाचं तमिळमध्ये म्हटलं असेल. आणि म्हातारपणी तेच लोक नातवंडांना सांगत असतील की आम्ही तिथे होतो.

अर्थात हे जुनं झालं की गोड लागतं. चालू असताना तसं नसतं, हे मला फेरारीच्या मायकेल शूमाकरच्या वर्षांनी शिकवलं. तेव्हा युरोपातल्या रेसेस आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेपाचला लागायच्या. आई त्याच वेळी दिवेलागणीचं बघायची, गल्लीत पोरं क्रिकेट खेळत असायची, आणि आम्ही दोघं बहीणभाऊ लाल गाडी पहिली येताना बघत असायचो. पुढच्या रविवारी परत तेच. २००२ मध्ये त्यानं सतरा रेसेसपैकी अकराव्या रेसलाच जगज्जेतेपद खिशात टाकलं, तेही जुलैमध्ये. २००४ मध्ये अठरापैकी तेरा जिंकला. दादा फेरारीवाला होता, त्याला कंटाळा येणं शक्यच नव्हतं. मी मॅक्लारेनवाली, म्हणजे माझा प्रत्येक रविवार सुतकात. लोडशेडिंगच्या दिवसांत तर रेसच्या मध्येच लाइट जायची आणि तासाभरानं आली की दादा विजयी मुद्रेनं टीव्ही लावून म्हणायचा, ‘बघ, काही बदललं नाही.’ पण ऑस्ट्रियात २००२ च्या मे महिन्यात जे झालं ते त्यालाही झेपलं नव्हतं. शूमाकरचा फेरारीतलाच जोडीदार बारिकेलो रेसभर पुढे होता, शेवटच्या सरळ रस्त्यावर संघाच्या हुकमानं त्यानं वेग कमी केला आणि शूमाकरला जाऊ दिलं. प्रेक्षकांनी अशी काही हुर्यो उडवली की शूमाकरनं बारिकेलोला पोडियमच्या वरच्या पायरीवर ढकललं. दादानं तेव्हा आवाज बंद केला. कंटाळवाण्या विजयावर तो कधी रागावला नव्हता. हा विजय त्याला घ्यावासा वाटला नाही.

पण रटाळ रेसचं मला न सुटलेलं गणित वेगळंच आहे. ते इंडियानापोलिसचं, १९ जून २००५.

आपल्याकडे रात्र होती. पहिला पाऊस पडून गेलेला, खिडकीच्या गजांना पाणी लोंबत होतं, आईबाबा आत झोपलेले, टीव्हीचा आवाज अगदी बारीक. शुक्रवारी सरावात राल्फ शूमाकरचा टायर तेराव्या वळणावर गेला होता. हे वळण कलतं आणि भिंतीला खेटून आहे, आणि तिथे आपले टायर पूर्ण रेस टिकतील याची हमी टायर पुरवणाऱ्या मिशेलिन कंपनीला देता येईना. वळणाआधी तात्पुरता अडथळा घालून वेग कमी करा अशी मागणी झाली, ती फेटाळली गेली. आम्हाला यातलं फारसं ठाऊक नव्हतं. वीस गाड्या वॉर्म-अपच्या फेरीला गेल्या, परत आल्या, आणि त्यातल्या चौदा सरळ पिटमध्ये वळल्या. रांगेनं, शिस्तीत, शाळा सुटल्यासारख्या. सुरुवातीच्या रेषेशी, ग्रिडवर, उरल्या सहा. दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. त्यातल्या एका पिवळ्या जॉर्डनमध्ये आपला नरेन कार्तिकेयन. मला अजून आठवतं, दादानं माझ्या मनगटाला धरलं आणि कुजबुजला, ‘सहा गाड्या आहेत. संपवली तरी पॉइंट.’

पडद्यावर अमेरिकन प्रेक्षक उभे राहून शिव्या घालत होते. ट्रॅकवर बाटल्या येऊन पडत होत्या. कित्येक जण अर्ध्यातूनच उठून चालले होते, मुलांना खांद्यावर घेऊन. इतकी भिकार रेस कुणी कधी बघितली नसेल. सहा गाड्यांत कसली चुरस असणार. आणि नाशिकमध्ये आम्ही दोघं तोंडावर हात धरून फेऱ्या मोजत होतो. गाडी बंद पडू नये, एवढंच. नरेन चौथा आला. पाच गुण. फॉर्म्युला वनमध्ये एखाद्या भारतीयाला मिळालेले गुण तेवढेच, आजतागायत. त्याच्याच संघातला टियागो मॉन्तेरो तिसरा आला. पोडियमवर फेरारीचे दोघं मयताला आल्यासारखे उभे राहून निघून गेले, आणि हा एकटा पोर्तुगीज वर नाचत शँपेन उडवत राहिला. लोक हसले त्याला. मला तो आमच्या घरातला वाटला.

मिशेलिननं नंतर तिकिटांचे पैसे परत केले आणि पुढच्या वर्षीसाठी वीस हजार तिकिटं विकत घेऊन वाटायला दिली. हे वाचलं तेव्हा बरं वाटलं, आणि थोडं चोरट्यासारखंही. बाटल्या फेकणाऱ्यांचं काहीच चुकलं नव्हतं. कामाला दांडी मारून, पोराबाळांना घेऊन, शेकडो मैल गाडी हाकत आलेल्या माणसाला सहा गाड्या दाखवायच्या ही फसवणूकच. मग आमचा आनंद कुठे बसवायचा? दादाला हा प्रश्न कधी पडला नाही. तो म्हणतो, पॉइंट ते पॉइंट.

तिकीट काढून गेलेल्याचा कंटाळा आणि सोफ्यावरचा कंटाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी २०११ साली स्वतः बघितलं. बुद्ध सर्किटवरची पहिली रेस ३० ऑक्टोबरला होती, दिवाळी त्याच आठवड्यात. भाऊबीज रेल्वेतच झाली, साइड बर्थवर दादाला ओवाळलं, आणि ओवाळणीत त्यानं तिकीट दिलं. सोबत चिवडा आणि चुरा झालेल्या करंज्या. आकडे सांगायचे तर ती रेसही कंटाळवाणीच: वेटेल पोलवर, म्हणजे सुरुवातीलाच सगळ्यांपुढे, वेटेल पहिल्या फेरीपासून शेवटच्या, साठाव्या फेरीपर्यंत पुढे, सगळ्यात वेगवान फेरीही त्याचीच. मधे फेलिपे मासा आणि हॅमिल्टन यांची त्या मोसमातली नेहमीची टक्कर. पण आम्ही बसलो होतो तिथून एकच वळण दिसायचं. दीडेक मिनिटांनी गाड्यांचा तो घोळका यायचा, आवाज आधी छातीत आणि मग कानात, कानातले बोळे दाताला झिणझिण्या येईपर्यंत हलायचे, आणि गेले की उरायची धूळ, धुरकट ऊन आणि पुढच्या रांगेतल्या काकांची ट्रान्झिस्टरसारखी अखंड कॉमेंट्री. कोण पुढे, कोण मागे, निम्मा वेळ पत्ता नव्हता. कंटाळायला आधी गोष्ट कळावी लागते. आम्हाला ती कळतच नव्हती.

आणि सुरुवातीला ते एक मिनिटाचं मौन. दोन आठवड्यांपूर्वी लास वेगासला इंडीकारच्या रेसमध्ये डॅन वेल्डन अपघातात गेला होता, बरोबर आठवडाभर आधी सेपांगला मोटोजीपीत मार्को सिमोनचेली. चोवीस वर्षांचा होता. इतक्या मोठ्या गर्दीत, जिथे क्षणापूर्वी पिपाण्या वाजत होत्या, तिथे सगळे उभे राहिले. दादा नंतर म्हणाला, आज काही नाही झालं तर बरं. ‘काही नाही झालं तर’ हे त्यानं रेसविषयी म्हटलं होतं.

म्हणून २०२१ च्या, बेल्जियममधल्या स्पाच्या रविवारी मला रागवायचंही जमलं नाही आणि गप्प बसायचंही. पाऊस इतका की पुढच्या गाडीच्या मागे पांढरी भिंत. तीन तासांहून जास्त वेळ लोक त्या आर्देनच्या टेकड्यांवर चिखलात, रेनकोटात उभे होते, आणि संध्याकाळी सगळ्यांना हळू चालायला लावणाऱ्या सेफ्टी कारच्या मागून मोजक्या फेऱ्या मारून रेस झाली असं जाहीर झालं, अर्धे गुणही वाटले. दोनच वर्षांपूर्वी त्याच ट्रॅकवर, रेडियोंच्या चढावर आंत्वान उबेर हा तरुण चालक अपघातात गेला होता, तेव्हा गाड्या सोडल्या नाहीत हे बरोबरच. पण मग गुण कसले वाटता? आणि त्या लोकांना पैसे का परत नाहीत? हॅमिल्टननं तर उघडच तशी मागणी केली. कंटाळ्याबद्दल कुरकुर करणाऱ्या चाहत्यांकडे संयोजक नेहमी लाडावलेली पोरं म्हणून बघतात, पण त्या दिवशी टेकडीवर भिजणाऱ्यांची तक्रार रेस नाही झाली ही नव्हतीच. झाली नसताना झाली असं दाखवलं ही होती.

मोनॅकोकडे परत येते, कारण उत्तर तिथेच कुठेतरी असावं असं मला वाटतं. १९९२ ची मोनॅको म्हणून एक रेस आहे, म्हातारे चाहते तिचं नाव काढलं की खुर्चीत पुढे सरकतात. मॅन्सेल आरामात पुढे होता, शेवटच्या काही फेऱ्यांत त्याला चाकाची शंका आली, पिटमध्ये गेला, सेना पुढे निघाला. मॅन्सेलकडे नवे टायर आणि कितीतरी वेगवान गाडी. पुढच्या त्या मोजक्या फेऱ्या तो सेनाच्या मागे डावीकडून, उजवीकडून, भुयाराच्या तोंडाशी, बंदराशेजारच्या वळणावर नाक खुपसत राहिला. आणि काही झालं नाही. सेना पाव सेकंदापेक्षाही कमी फरकानं जिंकला. त्या फेऱ्यांत क्रम बदलला नाही, एकही ओव्हरटेक नाही. कागदावर त्या २०२४ इतक्याच कोऱ्या. पण त्या फेऱ्या मी लॅपटॉपवर कितीदा बघितल्या असतील. ओव्हरटेकची आकडेवारी काढून रेस रटाळ ठरवणाऱ्यांना हीच रेस दाखवायला हवी. तिथे मागचा माणूस मागत होता आणि पुढचा नाही म्हणत होता. २०२४ मध्ये कुणी मागितलंच नाही, कारण टायर वाचवायचे होते. वर्स्टापेनची चिडचिड बहुधा तीच असावी: त्याला हरण्याचं दुःख नव्हतं, लढायला बंदी होती.

तर या सगळ्या कुरकुरीची दखल घेतली गेली. २०२५ साली मोनॅकोपुरता नियम आला, की प्रत्येकानं टायरचे निदान तीन जोड वापरायचेच, म्हणजे दोन सक्तीचे पिट स्टॉप. ग्रुपवर पेढे वाटायचे बाकी होते. रविवारी साडेसहाला सगळे जय्यत तयार, मी पावभाजी करून ठेवलेली. आणि मग रेसिंग बुल्सच्या लॉसननं मागच्या सगळ्यांना अडवून इतक्या हळू गाडी चालवली की पुढे गेलेल्या, त्याच्याच संघातल्या हाजारला निवांत पिट स्टॉप करून येता यावं. ते बघून विल्यम्सवाल्यांनीही तेच केलं, आधी एकानं, मग दुसऱ्यानं, आळीपाळीनं. त्यांच्या मागे अडकलेल्या रसेलनं शेवटी वैतागून वळण सरळ कापलं, अल्बनच्या पुढे गेला, जागा परत देणार नाही, शिक्षा काय ती द्या म्हणाला, आणि दिली त्यांनी. वर्स्टापेननं दुसरा स्टॉप अगदी शेवटच्या फेरीपर्यंत लांबवला, कुठेतरी अपघात होऊन लाल झेंडा लागेल या आशेवर. विचार करा, रेस रंगतदार करायच्या नियमाखाली एक माणूस तासभर दुसऱ्याच्या अपघाताची वाट बघत फिरतो. नॉरिस जिंकला, लेक्लेर दुसरा. वर्स्टापेन नंतर म्हणाला की आता एकमेकांच्या गाडीपुढे केळी फेकायची सोय करा, व्हिडिओ गेममध्ये असते तशी. ग्रुपवर त्या दिवशी उशांऐवजी केळी आली. पण हसण्यात दम नव्हता. २०२४ चा कंटाळा निदान आपोआप आलेला होता. हा घडवून आणलेला होता, आणि मागणी आमचीच होती.

मला घडवून आणलेल्या थराराची भीती २०२१ च्या डिसेंबरपासून बसली आहे. अबू धाबीत हॅमिल्टन जवळजवळ सगळी रेस पुढे होता, जगज्जेतेपद त्याच्या हातात, रेस शांतपणे संपत आलेली. मग अपघात, सेफ्टी कार, आणि रेस डायरेक्टरनं हॅमिल्टन आणि वर्स्टापेनच्या मधल्या पाचच गाड्यांना पुढे काढून शेवटची एक फेरी मोकळी करून दिली. ताज्या टायरवरचा वर्स्टापेन, झिजलेल्या टायरवरचा हॅमिल्टन. त्या फेरीइतकं थरारक काही मी पाहिलेलं नाही. मी सोफ्यावर उभी होते. या खेळाची नियामक संस्था असलेल्या एफआयएच्या चौकशीतही पुढे मानवी चूक झाल्याचं नमूद झालं आणि रेस डायरेक्टर बदलला गेला. तेव्हा ग्रुपवर दोन तट पडले ते अजून सांधलेले नाहीत. एकजण तर तेव्हा निघून गेला तो परत आलाच नाही. ती रेस जशी चालली होती तशी कंटाळवाणी संपली असती, तर हॅमिल्टन आठव्यांदा जगज्जेता झाला असता, मी चहा टाकला असता आणि तो माणूस अजून ग्रुपवर उशांचे फोटो टाकत असता. त्यामुळे आता कुणी ‘काहीतरी करा, शो सुधारा’ म्हणालं की मला आधी खिसा चाचपावासा वाटतो.

माझा भाचा चौदा वर्षांचा आहे, तो या खेळात ओटीटीवरून आला. रेसच्या आधी त्याला सारथ्यांच्या मैत्रिणी, भांडणं आणि करार माहीत होते. त्याला यातलं काही पटत नाही. २०२५ च्या मोनॅकोनंतर दादाच्या घरी जेवताना तो म्हणाला, ‘आत्या, मोनॅकोची रेस शनिवारीच संपवायची. क्वालिफाइंगचा निकाल तोच फायनल.’ आणि हे काही वेडगळ नाही. त्या शनिवारी, रेसच्या सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या क्वालिफाइंगमध्ये, नॉरिसनं १ मिनिट ०९.९५४ सेकंदांत फेरी मारली, तिथली तोवरची सगळ्यात वेगवान. गाडी कठड्याला इतकी घासून गेली की माझ्या हातातला चमचा तसाच राहिला होता. सव्वा मिनिटाच्या आत सगळं आलं, धाडस, हिशेब, नशीब. मी भाच्याच्या बाजूनं मान हलवणार होते.

‘आणि रविवारी काय करायचं रे?’ दादानं विचारलं.

‘काही नाही. झोपायचं.’

‘मग सत्याहत्तर लॅप एका टायरवर कोण काढणार, तुझा बाप?’ दादा म्हणाला, आणि ताट बाजूला सारून मोबाइलवर रसेलच्या त्या टायरचा फोटो शोधायला लागला. भाच्यानं माझ्याकडे बघून डोळे फिरवले. फोटो मिळाला तेव्हा मात्र आम्ही दोघंही वाकून बघत होतो.